अर्ध्या इंचाची बाही

मस्कतला येताना काय घालायचं, हे अबोलीने फोनवर तीनदा सांगितलं होतं आणि उत्तराने ते तिन्ही वेळा कागदावर उतरवून घेतलं होतं. छत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेली बाई दुसरं काय करणार! बाह्या मनगटापर्यंत. कुर्ता गुडघ्याच्या खाली, सलवार घोट्यापर्यंत, सगळं ढगळ. निव्वळ सुती. रंग फिके, पण उन्हात आरपार दिसेल असं तलम नको. असलंच तर अस्तर लावायचं. मशीद बघायला गेलो तर डोक्यावर घ्यायला मोठी ओढणी.

"इथे कुणी छडी घेऊन उभं नसतं गं मावशी," अबोली म्हणाली होती, "पण चारचौघींसारखं राहिलं की आपल्यालाच बरं वाटतं. आणि ऊन असं असतं ना, की अंग झाकलेलं असलं तर उलट त्रास कमी होतो. तू फक्त ये. मागच्या वेळेसारखं नको व्हायला."

मागच्या वेळी जायची होती ती चंपा. अबोलीची आई, उत्तराची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती मुलुंडला उत्तराकडे राहायला आली. उत्तराने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे घरात दोघीच. गेल्या वर्षी अबोलीला दिवस गेले तेव्हा चंपाने तिकीट काढलं, फिक्या रंगाचं सुती कापड आणून ठेवलं. आणि उत्तराने तिला अडवलं.

"मे महिन्यात वाळवंटात? स्वतःचं बीपी बघ आधी. मरायला जातेस का तिथे?"

चंपा थांबली. तिकडे पाचव्या महिन्यात अबोलीचं मूल गेलं, इस्पितळात उशाशी बसायला घरची बाई नव्हती. आणि महिन्याभरात चंपाही गेली, मुलुंडच्याच घरात, पंख्याखाली, भाजी निवडता निवडता. तिला कुणी अडवलं होतं हे अबोलीला सांगायचं धाडस उत्तराला झालं नाही. प्रकृतीमुळे तिकीट रद्द केलं, एवढंच कळवलं होतं. ते खोटं तिने गिळलं होतं, पण पचत मात्र नव्हतं.

आता अबोली पुन्हा गरोदर होती, आठवा लागला होता. या खेपेला तिला एकटं ठेवायचं नाही, हे उत्तराने मनाशी पक्कं केलं. अक्षय्य तृतीयेचं तिकीट काढलं, म्हणजे मुहूर्त बघायला नको.

गडबड झाली ती गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. चंपाला जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून सणाला नवं काही घालायचं नव्हतं. उत्तराने कपाटातून चंपाचा धुऊन धुऊन मऊ झालेला निळा कुर्ता काढला होता, आणि दोन दिवस तोच घालून ती घरात वावरत होती. संध्याकाळी सोसायटीच्या बायका गच्चीवर जमल्या. बिजेची कोर दिसली की अंगावरच्या कपड्याचा एक धागा काढून चंद्राला वाहायचा आणि म्हणायचं, जुनं घे, नवं दे. उत्तराही लहानपणापासून करत आली होती. तिने काठाचा धागा ओढला, फुंकर मारून सोडला, म्हणाली, "जुनं घे, नवं दे."

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं. आई सांगायची, दशी स्वतःच्याच कपड्याची काढावी, दुसऱ्याचं घातलं असेल तर मागणं त्याच्या नावावर जातं. पण चंपाला आता कपडे मागून करायचंय काय! उत्तरा स्वतःशीच हसली आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी तिने चंपाने आणलेलं कापड धोंडिराम टेलरकडे टाकलं. कापड गेल्या वर्षीचं, म्हणजे तसं नवं नव्हेच, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मापाला स्वतःचा बसता कुर्ता दिला. मुलुंड पूर्वेला स्टेशनजवळच्या त्या गाळ्यात धोंडिराम वीस वर्षं दोघी बहिणींचे कपडे शिवत होता. दोघींची मापं दोन टोकांची. चंपा अंगाने भरलेली, उत्तरा काटकुळी. शिवाय चंपा लहानपणी आंब्यावरून पडली होती, तेव्हापासून तिचा डावा हात किंचित वाकडा. तिची डावी बाही कायम अर्धा इंच कमी ठेवावी लागे.

तीन आठवड्यांनी चार जोड तयार झाले. उत्तराने घरी येऊन पहिला घालून पाहिला. खांद्यावर बरोबर, उराला बरोबर, उंचीला बरोबर. मग तिने दोन्ही हात पुढे केले. बाह्या दोन्ही मनगटांवर नीट टेकल्या होत्या. कुर्ता काढून तिने बाहीला बाही लावली. डावी अर्धा इंच आखूड होती.

ती तशीच दुकानात गेली.

"धोंडिराम, चंपाचं माप घेतलंत तुम्ही. वहीतलं."

"नाही हो ताई. तुम्ही दिला त्याच मापाच्या कुर्त्यावरून कापलं." त्याने तिचा कुर्ता काढून नव्यावर पसरला. काठाला काठ लागला. "हे बघा. उगाच बिल फाडू नका माझ्या नावावर."

"माझं माप घ्या. टेपने."

त्याने घेतलं. खांदा, छाती, उजवा हात. डाव्या हाताशी थांबून त्याने पुन्हा टेप लावली.

"साडेएकवीस," तो म्हणाला. "उजवा बावीस. असा चंपाताईंचा होता ना? तुमचाही आहे हे मला आत्ता कळतंय." आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "तब्येत सुधारली हां ताई तुमची."

उत्तरा घरी आली. आरशासमोर उभी राहिली, हात सरळ सोडले. डावा कोपर आत वळला होता. दुखत काही नव्हतं. तो हात जणू नेहमीच तसा होता. ती घाबरली, सरळ शब्दांत सांगायचं तर तिची पाचावर धारण बसली. तिकीट रद्द करावं असंही मनात आलं. पण मग अबोलीच्या उशाशी पुन्हा कुणीच नसणार, आणि पुन्हा उत्तरामुळेच. तिने बॅग भरायला घेतली. त्यानंतर दुपारी डोळा लागताना कधी कधी तिला वाटे, कुणीतरी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालतंय. उठून बघावं तर बॅगेतले जोड आणखी नीट रचलेले असत.

निघायच्या आदल्या दिवशी, वैशाखातल्या बिजेच्या संध्याकाळी, अबोलीचा फोन आला.

"पासपोर्ट घेतलास ना? औषधं?"

"घेतलं सगळं." उत्तराने पदर खोचावा तसा श्वास घेतला. "अबोली, मला तुला एक सांगायचंय. तुझी आई स्वतःहून थांबली नव्हती. मी थांबवलं तिला."



"माहितीये," अबोली म्हणाली. "काल दुपारी तूच सांगितलंस की."

"काल मी फोन केला नव्हता."

"केलास ना! तासभर बोललीस. आईसारखं मालवणीत. 'माका उत्तरान अडवल्यान, पण आता मी येतंय.' मला वाटलं, सांगायला जड जातंय म्हणून आईची नक्कल करून सांगतेस. आधी राग आला. खूप रडले. पण मावशी, बऱ्याच महिन्यांनी काल मी नीट झोपले."

उत्तरा मालवणी बोलत नसे. टपालखात्यात लागल्यावर ती तिची सुटलीच होती, चंपाने मात्र शेवटपर्यंत सोडली नव्हती. फोन ठेवून तिने त्यातली कॉलची यादी पाहिली. काल, दुपारी सव्वातीन, एक तास चार मिनिटं. त्या वेळी ती नवा कुर्ता घालून बाजेवर आडवी झाली होती, आणि जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता, एवढंच तिला आठवत होतं.

भीती होती, पण आता तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं. अबोलीला मावशी नको होती. मावशीचं चालवून घेणार होती पोर, पण तिला हवी होती आई. आणि त्या आईला उत्तराने दारातून परत फिरवलं होतं.

तिने नवा कुर्ता काढून ठेवला आणि स्वतःचा जुना, मापाला दिलेला, अंगात घातला. दुकानात नव्याशी काठोकाठ जुळलेला तो कुर्ता आता खांद्यात अवघडत होता, आणि त्याची डावी बाही पुन्हा पहिल्यासारखी पुरती बावीस इंच झाली होती, मनगटाखाली उतरत होती. तशीच ती गच्चीवर गेली. बायका अजून यायच्या होत्या. कोर नुकतीच दिसू लागली होती.

या खेपेला तिने धागा काढण्याआधी कुर्ता नीट पाहून घेतला. आपलाच, म्हणजे मागणंही आपल्याच नावावर. टपालखात्याच्या शाईचा डाग खिशाशी होता. तिने धागा ओढला.

"जुनं घे," ती म्हणाली. जरा थांबली. "नवं दे."

खाली येऊन तिने हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, नव्या कुर्त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं आणि तो घातला. डावी बाही मनगटावर अलगद टेकली. आरशात बघायची तिला गरज वाटली नाही. जुना कुर्ता तिने घडी करून रद्दीवर ठेवला.

सकाळी टॅक्सी खाली उभी असताना फोन वाजला.

"निघालीस का गं?"

"येतंय गो बाय," ती म्हणाली. "रडा नको. आता माका कोण अडवूचो नाय."

मग अबोली अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "लवकर ये, आई."