श्वास धर

नोरीनने अंगावरचा झगा काढून गाडीच्या बॉनेटवर फेकला आणि सरळ खाऱ्या तळ्याच्या मिठावर पाय ठेवला.

"अगं ए! काठाने जा, काठाने!" कॅमेऱ्याच्या तिपाईशी वाकलेला क्लेम ओरडला. "ठसे उमटतायत!"

एकतीस वर्षं ती काठानेच गेली होती. सुकलेल्या तळ्याला अर्धा मैल वळसा घालून, पलीकडून, उघड्या अंगाने. का, तर नवऱ्याच्या फोटोत पाऊल दिसता कामा नये. आदल्या दिवसापासून इलॅस्टिकचं काही घालायचं नाही, कातडीवर वळ दिसतात. पाठ कॅमेऱ्याकडे, मान खाली. "बाई नको, दगड दिसला पाहिजे," हे त्याचं पालुपद. अ‍ॅडलेडच्या गॅलरीत फोटो लागले तेव्हा खाली नावाऐवजी नुसते आकडे होते. गावातल्या बेकरीवालीने एकापुढे थांबून नोरीनलाच विचारलं होतं, "कोण गं ही?"

आज ती तळ्याच्या मधोमध थांबली आणि वळली. तोंड त्याच्याकडे.

"पाठ कर."

"सोमवारी डावा स्तन कापणार आहेत, क्लेम. एवढ्या वर्षांत तू तो एकदाही टिपला नाहीस."

"म्हणून तळं नासवायचं? पाऊस येईतो हे ठसे जायचे नाहीत!"

"मी मेले तरी तू आधी ठसेच पुसत बसशील."

"एकच फिल्म उरलीये, नोरीन. चेहरा आला की संपलं. लग्नातला फोटो होतो त्याचा."

"होऊ दे. लग्नच झालंय आपलं, दुर्दैवाने."

क्लेमने शिवी हासडली आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. आतल्या काचेवर ती उलटी दिसत होती, पाय वर, डोकं खाली. ठसे कॅमेऱ्यापासून निघून तिच्यापर्यंत गेले होते. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"मेलास का आत?" तिने खांद्यावरची माशी हाकलली. पूर्वी तेही चालायचं नाही.

तो बाहेर आला. तिच्याकडे न बघता फिल्म चढवली.

"चार सेकंद. श्वास धर."

"नाही धरत."

"हलशील!"

"हलू दे. अजून जिवंत आहे मी. दाब."

त्याने कळ दाबली. त्याच्याकडे रोखून बघत तिने छाती भरून श्वास घेतला, सोडला, परत घेतला.

हललेली फिल्म क्लेम कधी वाळतसुद्धा घालत नसे, ओलीच टोपलीत टाकायचा. संध्याकाळी न्हाणीघरात त्याने आजची फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली. ठसे एकूण एक स्पष्ट. डोळे स्पष्ट, चिडलेले. फक्त छाती पुसट होती.

"फेकलीस ना?" नोरीनने स्वयंपाकघरातून खोचकपणे विचारलं.

न्हाणीघरातल्या दोरीला चिमटा लावल्याचा आवाज तिला ऐकू आला.