साहेबाला बोललेला नवस

बागेच्या दगडी कमानीतून शैलेश बाहेर पडला, की पुन्हा बागेतच येत होता. पाठीवर सॅक, हातात बॅग आणि समोर तोच बँडस्टँड. पलीकडे थांबलेल्या टॅक्सीचा हॉर्न मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

त्याची आई कुमुद कमानीच्या खांबाशी उभी राहून पाहत होती. दोष तिचाच होता. त्या खांबावर राणीच्या काळातल्या कुणा दाढीवाल्या साहेबाचा चेहरा कोरलेला. फिरायला येणाऱ्या बायकांनी शेंदूर फासून त्याचा कधीच देव केला होता. परवा कुमुदनेही शेंदराचं बोट लावून नवस बोलला होता, "माझ्या मुलाला परदेशी जाऊ देऊ नकोस. नारळ फोडीन." आणि आज निघताना त्याला मुद्दाम इथे पाया पडायला आणलं होतं. साहेब शब्दाचा पक्का निघाला.

"आई, कमान बारीक होतेय," शैलेश म्हणाला.

होतच होती. मघाशी तिच्यातून हत्ती गेला असता, आता माणूस अंग चोरून जेमतेम शिरत होता. काळे चिरे आवाज न करता एकमेकांकडे सरकत होते.

"विमान चुकेल गं."

"चुकलं तर चुकलं," ती बोलून गेली. चिरे आणखी बोटभर पुढे आले.

शैलेशने तिच्याकडे पाहिलं. "तू काही मागितलंस का त्याच्याकडे?"

 मुलगा घरी राहावा एवढंच कुमुदला हवं होतं. तिने पदराने शेंदूर खरवडला. तो निघेना.

"सोड त्याला," ती साहेबाला म्हणाली. "नारळ देते. पाच देते."

फट वीतभर उरली.

"मग त्याच्याऐवजी मला ठेव."

चिरे थांबले. मग खिडकी उघडावी तसे सहज मागे सरले.

"आधी बॅग टाक, मग तू," ती घाईने म्हणाली. "पोचलास की फोन कर."

शैलेश गेला. टॅक्सीचं दार लागलं. तो परत आला नाही, आणि कुमुदला फार बरं वाटलं. तिने हात हलवायला घेतला. हात नव्हता. पाठीमागे खांब गार लागत होता. समोरच्या बाकावर खांबावरचा तो दाढीवाला साहेब मान चोळत बसला होता.

मग कपाळाला काहीतरी तेलकट लागलं. शेंदराचं बोट होतं. एक बाई अगदी जवळ उभी होती, आणि तिच्यामागे बॅग घेतलेली तिची मुलगी घड्याळ बघत होती.

"हिला जाऊ देऊ नकोस," बाई हळूच म्हणाली.