पालथी वाटी आणि मी

"विटाळ गेला तिचा. आता काय लेकरू पाजायचंय व्हय तिला? ताकानं सांधं धरत्यात ह्या वयात. वाटी ठिवा पालथी, अन् बसू द्या निवांत."

फुलाबाई आपल्या भावाला, आबासाहेबांना, त्यांच्या बायकोबद्दल, द्वारकाबाईंबद्दल, हळू आवाजात सांगत होत्या. दाराआड नवी सून सारजा थबकली. ते बोलणं तिच्यासाठी नव्हतं आणि माझ्यासाठी तर नव्हतंच. पण मी तिच्या हातात होते, म्हणून मीही ऐकलं. मी या घरातली ताक घुसळायची रवी.

इंदापूरच्या सुतारानं मला जांभळीच्या लाकडातून घडवलं. द्वारकाबाई लग्न होऊन पिंपळीला आल्या, त्यांच्याबरोबर मीही आले. तेव्हापासून रोज सकाळी माझ्या अंगाला दोरीचे दोन वेढे आणि तिच्या दोन्ही टोकांना द्वारकाबाईंचे हात. एक पुढं, एक मागं. लोणी कढवून तूप बारामतीच्या बाजारी जायचं, ताक घरात राहायचं. द्वारकाबाई शेवटी का होईना, पण वाटीभर ताक उभ्यानंच प्यायच्या आणि घागर घेऊन कालव्याला निघायच्या. मला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. त्यांनाही नव्हतं.

मग त्यांचं महिन्याचं बाहेर बसणं थांबलं, आणि घरानं त्यांचे लाड सुरू केले. खरंच लाड! घागर सारजाकडं आली, जातं फुलाबाईंकडं आणि मीही सारजाकडंच. द्वारकाबाईंना ओसरीवर घोंगडं मिळालं. जेवायला मऊ भात आणि पाणी. त्यांची पितळी वाटी फळीवर पालथी पडली.

एकदा त्यांनी येऊन माझी दोरी धरली. फुलाबाई धावल्याच.

"अगं बया, सोड! लोक काय म्हणतील आमाला? सून असताना सासू घुसळती?"

"जरा हात तरी हलू द्या, वन्सं."

"हलवा की. जपमाळ घ्या."

दोरी सुटली. पण तेवढ्यात मला कळलं होतं, की त्या हातातली ओढच गेली आहे. सारजालाही दिसत होतं. आत्याबाईंची, म्हणजे तिच्या सासूची, काकणं मनगटावरून कोपराकडं सरकायला लागली होती. उठताना दोन्ही हात जमिनीला टेकावे लागत. सारजा बघायची आणि ताकाच्या डेऱ्याशी येऊन बसायची. मला ती जोरजोरात फिरवायची, लोणी आलं तरी थांबायची नाही. तिला कुणावर तरी ओरडायचं असावं आणि मी सापडत असावे.

छत्तीस सालच्या भोगीला द्वारकाबाई उंबऱ्यावरून उतरताना अडखळल्या. पडल्या म्हणावं असंही नाही, नुसता हात टेकला. तरी मनगट मोडलं.

निरवांगीहून बिरदेव धनगर आला. मेंढरांचे पाय बांधता बांधता तो माणसांचे हातही बांधायला शिकला होता. त्यानं बांबूच्या कामट्या लावल्या, आणि चांगला हातही चाचपून बघितला.

"आबा, एवढ्याशा टेकण्यानं मनगट मोडत न्हाय. ह्या हाताला काम काय?"

"काय न्हाय. सुखात बसून असती," आबासाहेब म्हणाले.

"अन् खाती काय?"

आबासाहेबांनी फुलाबाईंकडं पाहिलं. फुलाबाईंनी कामट्यांकडं. सारजानं मला खांबाला टेकवून ठेवलं आणि बाहेर आली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण आवाज नवा होता. ती काय बोलली, ते शेवटी सांगते.

आता वर्ष होत आलं. द्वारकाबाई सकाळी कालव्यापर्यंत चालून येतात. आधी रिकाम्या हातानं जायच्या, आता लहान कळशी असते. भाकरीबरोबर तिळाची चटणी, संध्याकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. माझी दोरी पुन्हा त्यांच्या हातात आहे, पण मोडलेलं मनगट जरा वाकडं बसलं आहे, त्यामुळं ती एका बाजूला जास्त येते आणि मी डेऱ्यात तिरकी फिरते. माझे कंगोरे झिजलेत. यंदा नाही तर पुढल्या साली मी चुलीत जाईन. तोवर मला खुंटीला टांगू नका, एवढंच मागते. थांबलेलं लाकूड तडकतं. आणि नव्या रवीची दोरीही आधी द्वारकाबाईंच्या हातात द्या.

फुलाबाई अजून कुरकुरतात. पण भोगीच्या त्या दिवसापासून वाटी पालथी घालायची त्यांची छाती झालेली नाही. सारजा त्या दिवशी एवढंच म्हणाली होती:

"मामंजी, आत्याबाईंना आता लेकरू पाजायचं न्हाय, हे मी दाराआडनं ऐकलंय. पण ह्या घरातल्या समद्यांना पाजून त्या बसल्यात. आज ताकाची पैली वाटी त्यांची. तुमची मागनं."