साहेब म्हणाले

कारखान्याचे संचालक इतक्या वर्षांत वर्तमानपत्रांतून जे काही बोलले, त्यातलं एक अक्षरही त्यांच्या तोंडून निघालेलं नव्हतं. सगळं तिने लिहिलेलं होतं. नवं यंत्र आलं तेव्हाचा अभिमान तिचा, शेजारच्या वस्तीत धूर शिरला तेव्हाची दिलगिरी तिची, आणि शाळेला बाकं दिली तेव्हा उद्याच्या पिढीबद्दल जे भरभरून छापून आलं, ते तर तिने डबा खाता खाता लिहिलं होतं. साहेब मजकूर वाचत नसत. "मी बरा बोललोय ना?" एवढं विचारून सही करत, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात स्वतःचं बोलणं वाचून खूश होत. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि वाढायला ही.

दारावर पाटी होती 'जनसंपर्क विभाग'. विभाग म्हणजे ती, एक टेबल आणि लहर आली तर चालणारा प्रिंटर. कारखान्यातल्या जनांपैकी तिचा खरा संपर्क होता तो एका दिराशीच, आणि तोही घरातला. दीर तिथे तपासणीला होता. काचेच्या बाटल्या उजेडासमोर धरायच्या, तडा दिसला की बाजूला काढायच्या, दिवसभर एवढंच. या जागेची जाहिरात त्यानेच कापून आणली होती. "वहिनी, तू लिहितेस बरं, टाक अर्ज," असं म्हणून तिचा अर्ज तोच गेटवर देऊन आला होता. घरच्यांना मात्र वाटे की ती कारखान्याचं मासिक काढते आणि पाहुणे आले की हॉल सजवते. तिनेही कधी जास्त सांगितलं नाही. सांगणार तरी काय, की साहेबांची जीभ माझ्या टेबलाच्या खणात असते म्हणून?

जुनी भट्टी बंद करायचं वरच्या मजल्यावर ठरलं तेव्हा साहजिकच पहिल्यांदा तिला कळलं. भट्टी गेली की तिच्यावरची तपासणीही जाणार, म्हणजे दीर जाणार. हे पोटात ठेवून ती पंधरवडाभर त्याच्याबरोबर एकाच टेबलाशी जेवली. तो नव्या कपाटाची मापं सांगत होता, जाऊबाई रंग कुठला घ्यायचा ते विचारत होत्या, आणि ही मान हलवत होती. आपलेच दात आपलेच ओठ, बोलायचं कुणाला. रात्री नवऱ्याने विचारलं, "दमलीस का?" ती म्हणाली, "हो." ते खोटं नव्हतं.

मग निवेदन लिहायची वेळ आली. नेहमीची वाक्यं हाताला सवयीची होती: जड अंतःकरणाने, बाजारातली परिस्थिती, कामगार हे आमचं कुटुंब. तिने ती लिहिली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. डोळ्यांसमोर दीर होता, कपाटाच्या मापांसकट. निदान याला कुणीतरी समोर बसवून सांगावं, दारावर कागद चिकटवून नव्हे, एवढंच तिला वाटलं. म्हणून तिने शेवटी साहेबांच्या तोंडी आणखी एक वाक्य घातलं: "प्रत्येक कामगाराला मी स्वतः भेटेन. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकालाही घरी पाठवणार नाही." साहेबांनी विचारलं, "बरा बोललोय ना?" ती म्हणाली, "हो." त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तेच वाक्य चौकटीत आलं.

संध्याकाळी घरात कुणी रडलं नाही. जाऊबाई ओट्यापाशी नुसत्याच उभ्या होत्या. दीर पेपर घेऊन बसला होता, आणि त्याने ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं.

"दादा, काही म्हण, माणूस सरळ आहे. दुसरा कुणी असता तर लपून बसला असता."

"बोलायला काय जातंय," नवरा म्हणाला.

"नुसतं बोलला नाही, छापून दिलंय. मी ग्रुपवर टाकलं. पोरं दगड मारायच्या गोष्टी करत होती. मी म्हटलं, थांबा, साहेबांनी शब्द दिलाय, आधी भेटू." मग तो तिच्याकडे वळला. "वहिनी, तू रोज बघतेस त्यांना. आहेत ना शब्दाचे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण जाऊबाई पण वळून बघत होत्या, आणि त्या घरात तेवढी एकच आशा उरली होती. ती म्हणाली, "भाऊजी, आधी जेवून घ्या."

सोमवारी दीर इस्त्रीचा शर्ट घालून कारखान्याच्या स्वागतकक्षात जाऊन बसला. त्याच्यामागून बाकीचे आले. बाकं भरली, मग जिन्याच्या पायऱ्या भरल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत की आवाज चढवला नाही, सगळे आपापली पाळी येईल म्हणून बसून होते. साहेबांची गाडी गेटवर आली, आतली गर्दी पाहून तशीच वळली आणि मालाच्या फाटकाने निघून गेली. पाठोपाठ कर्मचारी अधिकारी तिच्या खोलीत आले. घामाघूम झाले होते.

"हे भेटायचं काय काढलंत तुम्ही? साहेब म्हणतात, मी असं बोललोच नाही."

"नाहीच बोलले. ते कधीच काही बोलत नाहीत."

"वाद नको. दोन ओळी लिहा, वाक्याचा विपर्यास झाला म्हणून. खाली जाऊन वाचून दाखवा. तुमचं खातंच ते आहे."

दोन ओळी लिहिणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता. विपर्यास, भावनेचा भर, योग्य वेळी योग्य मार्गाने, सगळे शब्द रांगेत उभे होते. लिहिल्या असत्या तर नोकरी राहिली असती आणि घरीही कुणाला काही कळलं नसतं. फक्त दीर खोटा पडला असता, ज्यांना त्याने थांबवून धरलं त्या सगळ्यांसमोर. ती कोरा कागद समोर घेऊन बसली. तिला इतका थकवा आला होता की पेन उचलायचाही कंटाळा आला. मग ती तशीच रिकाम्या हातांनी खाली गेली.

तिला जिना उतरताना पाहून दीर उठला. "ही माझी वहिनी," तो शेजारच्यांना म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "निरोप घेऊन आली बघा."

"भाऊजी, निरोप नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची तिला सवय नव्हती, आवाज चिरकला. "साहेब कुणाला भेटणार नाहीत. ते तसं बोललेच नव्हते. ते वाक्य मी लिहिलं. त्यांचं सगळंच मी लिहिते. भट्टी बंद होणार हे मला पंधरा दिवस आधी माहीत होतं."

दिराने तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाची बाही नीट केली, पुन्हा एकदा नीट केली, आणि खाली बसला.

शेवटी भट्टीवरचा एक म्हातारा उठला. सगळे त्याला आबा म्हणत, त्याच्या भुवया धगीने कायमच्या गेल्या होत्या. तो रागावला नव्हता, आणि तिला तेच जड गेलं.

"वाक्य तुमचं ना, बाई?"

"माझं."

"मग तुम्ही भेटा. शब्द कुणाचा तरी असलाच पाहिजे की."

ती जिन्यात बाजूला झाली आणि म्हणाली, "वर या. एकेक जण."

कर्मचारी अधिकारी दारात आडवे आले, "हे तुमच्या अंगाशी येईल," असं म्हणाले. ती म्हणाली, "येऊ दे." तिने प्रिंटरचं खोकं खाली उतरवून एक खुर्ची मोकळी केली. आबा आधी आला. तो भट्टीबद्दलच बोलला, घराबद्दल एक शब्द नाही. मग दुसरा, मग तिसरा. एकाने शिव्या दिल्या, त्या तिने ऐकल्या. एक जण नुसताच बसला आणि उठून गेला. तिच्या हातात कुणाचं काही नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी ते येत राहिले. तिने काही लिहिलं नाही, आणि बरी दिसतील अशी वाक्यंही कुणाला ऐकवली नाहीत.

दीर सगळ्यांत शेवटी आला. तिला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. घरी भांडता आलं असतं, जाऊबाई मध्ये पडल्या असत्या, चार दिवस अबोला झाला असता आणि मिटलं असतं.

तो दारातच थांबला, परक्या ऑफिसात थांबावं तसा.

"आत येऊ का, मॅडम?"

"भाऊजी, असं नका ना बोलू."

तो समोर बसला. हात मांडीवर ठेवले. मग इतर सगळ्यांनी सांगितलं तसंच त्यानेही सुरुवातीपासून सांगितलं: कामाला कधी लागला, कुठल्या खात्यात, पाळी कोणती, घरी माणसं किती. घरच्या माणसांत त्याने बायको धरली, मुलगी धरली, दादा धरला. तिला धरलं नाही.

ती मान हलवत ऐकत राहिली. ऐकून घेईन, असा शब्द तिनेच दिला होता.