पड जरा, मी उठवते

ती अॅम्ब्युलन्सवरची टेक्निशियन होती, पण तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. कारण कुणाच्याही उंबऱ्यात पाऊल टाकण्याआधी तिचं पाठांतर ठरलेलं: "आधी आपण, मग जोडीदार, मग पेशंट." गाडी चालवणारे भोंगेराव यावर हमखास हसत. खरं नाव त्यांचं निराळंच होतं, पण सायरनपेक्षा त्यांचाच आवाज मोठा, तेव्हा दुसरं काय म्हणणार? "म्हणजे आधी पोटोबा, मग विठोबा!" असं म्हणून ते स्ट्रेचर ओढायला लागत.

खरं सांगायचं तर तो नियम तिलाही कडूच लागे. जीव वाचवायला निघालेल्या माणसाने आधी स्वतःचाच जीव सांभाळायचा, हे ऐकायला बरं वाटत नाही. पाठ असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

दोघांचा आणखी एक करार होता. आत गेल्यावर एकाने "बाहेर" म्हटलं की दुसऱ्याने निमूट बाहेर पडायचं. का, कशाला, हे रस्त्यावर विचारायचं. भोंगेरावांनी तो शब्द आजवर एकदाच वापरला होता. एका बाईंनी त्यांना व्यसनावर व्याख्यान द्यायला सुरुवात केली तेव्हा.

त्या दिवशी दुपारी हाडं गोठवणारी थंडी होती. फोन एका बैठ्या घरातून आला होता. आजोबांना चक्कर येते, मळमळतं, डोकं दुखतं. दार आजींनी उघडलं. आत सगळ्या खिडक्या घट्ट बंद, फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबलेल्या. पडद्यातून आलेलं ऊन जमिनीवर सांडलं होतं आणि आत कुठेतरी, बहुधा न्हाणीघरात, गरम पाण्याची धार एकसारखी पडत होती. बाहेरच्या गारठ्यातून आत आल्यावर तिला कुणीतरी अंगावर रजई टाकल्यासारखं वाटलं.

आजोबा खिडकीखालच्या पलंगावर होते. गाल छान गुलाबी. तिने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. नव्व्याण्णव!

"आजोबा, तुमचा आकडा माझ्यापेक्षा चांगला आहे हो."

"मग डोकं का गं फुटतंय?" आजोबा डोळे मिटूनच म्हणाले.

"थंडीनं," आतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत टेकत आजी म्हणाल्या. "माझंही सकाळपासून जड आहे. पोरी, तू बस ना. केवढी दमलेली दिसतेस."

या कामात घरोघरी लोक तिला लवकर ये म्हणत, पटकन कर म्हणत, इतका उशीर का म्हणत. बस असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लागोपाठची दुसरी ड्युटी होती, पाय भरून आले होते. ती आजींजवळच्या स्टुलावर बसली. फक्त रक्तदाब घेण्यापुरती, असं तिने स्वतःला सांगितलं.

रक्तदाबाचा पट्टा हातातच राहिला. पाण्याची धार पडत होती. जमिनीवरचं ऊन हळूहळू वर चढून तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं, मग मांडीवर. ऊन असं चढतं का, हा प्रश्न तिला पडला आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेला. आई शेजारी येऊन बसली होती. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. आईने तिच्या केसांतून बोटं फिरवली, गुंता सोडवला.

"पड जरा," आई म्हणाली. "मी उठवते."

किती बरं वाटलं! तिने मान भिंतीला टेकवली. आई उठवणार आहे, मग काळजी कसली.

पण आईने तिला कधी उठवलं होतं?

परीक्षेच्या सकाळीसुद्धा नाही. "पोर इतकी गाढ झोपली होती, उठवायला जीवच झाला नाही," असं दर वेळी म्हणायची आणि वर रडणाऱ्या लेकीला जवळ घ्यायची. आईची ती माया होती. पण त्या मायेपायी तिचा एक पेपर अख्खा बुडाला होता.

तिने डोळे उघडले. पापण्या शिशाच्या झाल्या होत्या. कपाळात ठणका लागला होता. आजींची मान कलली होती. स्ट्रेचर घेऊन आलेले भोंगेराव दाराच्या चौकटीला टेकून जांभई देत होते, आणि हा माणूस एरवी सिग्नललासुद्धा गप्प उभा राहत नाही.

चौघांना एकच दुखणं. एक माणूस आजारी असतो तेव्हा माणूस तपासायचा. घरातले सगळेच आजारी असले तर घर तपासायचं. खिडक्या बंद, आणि गरम पाणी चालू. म्हणजे आत गॅसचा गीझर जळतोय. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. तो रक्तात शिरून ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि बोटावरच्या चिमट्याला घरचा कोण आणि घुसखोर कोण हे ओळखता येत नाही. म्हणूनच तो नव्व्याण्णव म्हणत होता. आणि तिने त्या आकड्यावर विश्वास ठेवून वर थट्टा केली होती!

"बाहेर!" ती ओरडली.

भोंगेराव तिच्याकडे बघत राहिले. मग करार आठवला असावा. धडपडत वळले आणि गेले.

तिने आजींच्या काखेत हात घालून उचलायला पाहिलं. आजी उठल्या नाहीतच, उलट तिचेच गुडघे वाकले. पुन्हा प्रयत्न केला तर आपण इथेच पडणार, हे तिला लख्ख कळलं. आजींनी तिचा हात धरला होता.

"जाऊ नकोस गं."

आधी आपण. किती सहज म्हणायची ती हे वाक्य, रोज, दारात उभं राहून! तिने आजींची बोटं एकेक करून सोडवली. एवढं नीच काम आपण आयुष्यात केलं नाही, असं तिला त्या क्षणी वाटलं. ती भिंत धरून दारापर्यंत गेली, दार सताड उघडलं, मिटू नये म्हणून त्यात आपली बॅग अडकवली आणि मोकळ्या हातांनी बाहेर पडली.

थंड हवा चाबकासारखी लागली. तिने वायरलेसवर अग्निशमनवाल्यांना बोलावलं, मास्क घालून या म्हणाली, आणखी गाड्या मागितल्या. तिने गॅस म्हणताच भोंगेरावांनी घरामागचं सिलिंडर बंद केलं आणि येऊन आजोबांच्या डोक्यावरची काच फोडली. आजोबा खोकले. आजींचा मात्र आवाज नाही. त्यांची खुर्ची पार आतल्या कोपऱ्यात.

"मी जातो. एवढीशी म्हातारी, खांद्यावर घालून आणतो."

तिने त्यांची कॉलर पकडली. "मगाशी दारात उभ्याउभ्या पेंगत होतात तुम्ही. आत पडलात तर तुम्हाला कोण उचलणार? मी?"

"मेली तर?"

तिने कॉलर सोडली नाही. रस्त्याच्या टोकाला लाल गाडी दिसेपर्यंत दोघं तशीच उभी होती आणि ती रडत होती, अगदी उघड.

मास्कवाल्यांनी आधी आजींना आणलं. श्वास होता.

मग चौघेही पेशंट झाले. भोंगेरावांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही; आजोबांबरोबर मागे बसवलं, तिथूनही ते ड्रायव्हरला रस्ता शिकवत होते. दुसऱ्या गाडीत आजी आणि ती, दोघींच्या तोंडावर ऑक्सिजन.

बऱ्याच वेळाने आजींनी डोळे उघडले आणि मास्क थोडा सरकवला. "मला वाटलं, गेलीस."

"गेलेच होते, आजी." खोटं बोलवेना. "पण दार उघडं ठेवून गेले होते."

आजींनी विचार केला. मग चाचपडत तिचा हात शोधला आणि धरला. "डोळे मिटताहेत गं. पडू का जरा?"

"पडा," तिने मास्क नीट बसवला. "मी उठवते."

गाडी वळणं घेत चालली होती.

"आजी."

"हं."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "आजी."

"हं. जागी आहे गं."

हॉस्पिटल येईपर्यंत तिने त्यांना एकदाही झोपू दिलं नाही.