जमिनीवरचा लाल ठिपका

माझ्या भाच्याने जन्मात एक चमचा विसळलेला नाही. त्यामुळे भांडी घासायचं मशीन कसं असावं याबद्दल त्याची मतं फार ठाम होती. ते शांत हवं. भांडी स्वच्छ निघतात की नाही, हा त्याच्या लेखी किरकोळ मुद्दा होता.

"आत्या, तुझी खोली स्वयंपाकघराला लागून आहे," तो म्हणाला. "मधली भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. तुला दुपारी जरा पडायचं असतं. आवाज नको."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. समोरच्याला ठसका लागला तरी मोबाइलमधून मान वर न काढणारा हा प्राणी माझ्या झोपेची काळजी करत होता. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माझी वहिनी गेली तेव्हा याची ताई लग्न होऊन सासरी गेलेली होती आणि हा शाळेत होता. नोकरी सांभाळून मी याला वाढवला. पुढे दादाही गेला, घर याचं झालं आणि मागची खोली माझ्याकडे राहिली. ती माझी आहे असं कोणी कधी म्हटलेलं नाही. पण तिथे माझी खाट आहे, शिलाई मशीन आहे, खिडकीला माझ्या हाताने शिवलेला पडदा आहे. तेवढी जागा सोडली तर माझं म्हणावं असं ठिकाण या जगात नाही.

भाचा सल्लागार आहे. कोणाला कसला सल्ला देतो ते मला अजून कळलेलं नाही, पण एकदा घेऊन गेलेला माणूस परत आलेला मी पाहिलेला नाही. सूनबाई एका कंपनीत माणसं निवडायचं काम करते. नवरा निवडून झाल्यावर ती हे काम शिकली असावी.

या घराची एक रीत आहे. जेवणं झाली की मी भांडी घासायला उभी राहते आणि ही दोघं हॉलमधल्या सोफ्यावर बसतात. इकडे नळ सुरू झाला की तिकडे यांची तोंडं सुरू. जे माझ्यासमोर बोलायचं नसतं ते सगळं तेव्हा बोलून घ्यायचं. मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. ऐकायचं आणि ऐकलं नाही असा चेहरा ठेवायचा, ही तर माझी नोकरीच होती. पण धो धो नळ आणि पातेल्यांची आदळआपट यांच्यापुढे माझाही इलाज चालत नसे. नळ बंद केला की हॉलमध्ये एकदम हवापाण्याच्या गप्पा. "आज उकडतंय नाही?" कडाक्याच्या थंडीतसुद्धा.

मशीन बघायला दुकानात मलाही नेलं. सगळी मशीनं ओळीने मांडलेली, एकालाही पाण्याचा नळ जोडलेला नाही. भाच्याने तरीही एकेका मशीनला कान लावला, डॉक्टरने छातीला लावावा तसा, आणि डोळे मिटून मान डोलावली.

"हे जास्त शांत वाटतंय," तो म्हणाला.

"ते बंद आहे," मी म्हटलं.

विक्रेत्याने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. गिऱ्हाईक कोण आणि सोबत आलेलं गाठोडं कोण, हे अशा लोकांना दारातच कळतं. तो गळ्यात टाय अडकवलेला पोपट होता. वाचनालयातल्या कुजबुजीपेक्षाही कमी आवाज, असं त्याने तीन वेगवेगळ्या मशीनांबद्दल सांगितलं. मी विचारलं, करपलेलं पातेलं निघतं का? तो म्हणाला, आधी थोडं घासून ठेवलंत तर उत्तम निघतं. सूनबाईला यात काही वावगं वाटलं नाही.

मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. सगळ्यात शांत मशीन. इतकं शांत, की चालू आहे हे कळावं म्हणून खाली जमिनीवर एक लाल ठिपका पडतो.

"म्हणजे शेजारच्या खोलीत बसलेल्या माणसाला काहीच ऐकू येणार नाही?" भाच्याने विचारलं.

"काहीच नाही, सर."

"अगदी बारीकसुद्धा? घरघर वगैरे?"

त्याने हे इतक्यांदा विचारलं की माझाच जीव अवघडला. माझ्यासाठी एवढा घोळ कशाला, असं मी म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "आत्या, तू गप्प बस. तुझ्यासाठी नाही तर कोणासाठी?" परत येताना गाडीत मी डोळे पुसले. आज ते आठवलं की स्वतःचीच कीव येते.

मशीन आलं. ओट्याखालचं कपाट तोडून बसवलं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यात भांडी लावली, म्हणजे मी लावली, कारण सूनबाईच्या नखांना नुकताच रंग दिला होता. बटण दाबलं. खरंच काही आवाज नाही. फरशीवर लाल ठिपका पडला, कुंकू सांडल्यासारखा. कढई आत मावली नव्हती, म्हणून ती ओट्यावर तशीच ठेवून मी कोरड्या फडक्याने पेले पुसत उभी राहिले.

हॉलमध्ये ही दोघं सोफ्यावर बसली. उघड्या दारातून ठिपका त्यांना दिसत होता. आत्या भांड्यांपाशी आहे, भांडी चालू आहेत. एवढ्या वर्षांची सवय. निवांत, मोठ्या आवाजात बोलणं सुरू झालं. सल्लागार आणि माणसं निवडणारी. दोघांच्या मिळून डोक्यात हे आलं नाही की ज्याच्या आडोशाने ते बोलायचे, तो आवाजच त्यांनी दुकानातून निवडून निवडून घालवला होता.

"बघ, काही ऐकू येतंय का?" भाचा म्हणाला. "मागच्या खोलीत माइक लावला तरी घरघर येणार नाही. माझ्या सल्ल्यांच्या रेकॉर्डिंगला एक नंबर."

"भिंतींना तो आवाज अडवणारा स्पंज कधी लावणार?"

"आत्या गेली की लगेच. ताईशी बोललोय. थोडे दिवस हवापालट म्हणून तिकडे नेऊन सोडायचं. मग राहील तिथेच. तिला काय, कुठेही भांडी घासायचीच आहेत."

"आणि ती खाट?"

"देऊन टाकू कोणाला तरी."

सूनबाई हसली. फार नाही, थोडंसंच.

हातातला पेला मी ओट्यावर ठेवला. वाईट वाटण्यापेक्षाही किळस जास्त आली. लोकांना काय शिकवायचं ते शिकवायला या बाबाला माइक हवा होता, आणि त्यासाठी शांतता हवी होती. माझी दुपारची झोप नुसती तोंडी लावायला घेतली होती. मला घालवायचं होतं, तर तोंडावर सांगायची छाती हवी. ती याला मी देऊ शकले नाही, बाकी सगळं दिलं.

मी दारात जाऊन उभी राहिले. दोघं माझ्याकडे बघतच राहिली. भाच्याची नजर माझ्यावरून घसरून मागच्या ठिपक्यावर गेली.

"आत्या, मशीन... चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हटलं. "म्हणून तर ऐकू आलं."

सूनबाई नखांकडे बघू लागली. भाच्याने तोंड उघडलं, आणि मला वाटतं, उकडतंय असंच म्हणणार होता.

"खाट कुठेही जाणार नाही," मी म्हटलं. "मीही नाही. ताईला तसं मीच फोन करून सांगते. माइक लावायचा तर खुशाल लाव, भिंतीच्या या बाजूला मी आहेच. फक्त तुझी रेकॉर्डिंगची वेळ मला सांगून ठेव."

"ती कशाला?"

मी आत आले. मशीनचं बटण दाबून ते थांबवलं, ठिपका विझला. मग कढई उचलून मोरीत आदळली, नळ पूर्ण सोडला आणि तारेच्या घासणीने खरवडायला घेतली. मागच्या खोलीची खिडकीसुद्धा थरथरली.

"भांडी त्याच वेळेला घासत जाईन," मी आतून ओरडून सांगितलं.