बारावं नाव

मित्रांनो, मला पाहून आधी पोटभर हसून घ्या. माझा निळा रंग हँडलपाशी उडाला आहे, मागचा मडगार्ड तारेने बांधला आहे आणि माझी घंटी पहिल्या दाबात कधीच वाजत नाही. पण टेक्सासमधल्या या फ्रिस्को गावातले जेवढे रस्ते मला पाठ आहेत, तेवढे इथल्या एकाही चकचकीत गाडीला ठाऊक नसतील. मी एक जुनी सायकल आहे आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. माझ्या दांड्याच्या खालच्या बाजूला काळ्या मार्करने बारा नावं लिहिलेली आहेत. त्यातलं बारावं नाव कसं आलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मला आठवत नाही. कारखान्यात आम्ही शेकड्यांनी तयार होतो, तिथे कोण कोणाचे लाड करणार? मला आठवतं ते एक मोठं दुकान, तिथे हुकाला टांगलेली मी, आणि मला खाली उतरवणारा पांढऱ्या शर्टातला, टाय लावलेला एक मुलगा. त्याच्या खिशावर काळी पाटी होती आणि तिच्यावर आडनावाच्या आधी 'एल्डर' लिहिलं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. मिसरूड धड फुटलेलं नाही आणि म्हणे वडीलधारा! पण मॉर्मन पंथाच्या मिशनरी मुलांना असंच म्हणतात. अठरा-एकोणीस वर्षांची ही मुलं घर सोडतात आणि जिथे पाठवतील तिथे दोन वर्षं आपल्या धर्माची ओळख करून देत, लोकांची कामं करत राहतात. एका गावात काही महिने झाले की बदलीचा निरोप येतो. मुलगा जातो, मी राहते. जाताना तो माझ्या दांड्यावर नाव लिहितो आणि मला पुढच्याच्या हवाली करतो.

त्यांचा दिवस मला घड्याळासारखा पाठ आहे. सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम करायचा, वाचायचं आणि मग हेल्मेट घालून निघायचं. एकटं कुणी कधीच जात नाही, कायम दोघं. कुणाचं गवत कापून दे, कुणाचं सामान ट्रकमध्ये चढव, उरलेल्या वेळात दारं वाजव. सोमवारी कपडे धुवायचे, बाजार करायचा आणि घरी फोन करायचा. पहिल्या काही मुलांनी माझं फार कौतुक केलं. सातव्याने मात्र मला तीन महिने पावसात उभं ठेवलं. त्याचं नावही दांड्यावर आहे, पण मी ते मनातल्या मनातसुद्धा वाचत नाही.

अकरावा आला तो एल्डर तौफा. टोंगा नावाच्या लांबच्या बेटांवरचा. अंगाने एवढा दणकट की पहिल्या दिवशी माझी सीट दोन बोटं खाली गेली. त्याचा जोडीदार एल्डर लार्सन हा आयडाहोचा, काडीसारखा आणि बडबड्या. तौफा बोलायचाच नाही. ऑगस्टचं ऊन, गरम हवेच्या झळा आणि बंद दारं. इथे दारही उघडावं लागत नाही, दारावरच्या घंटीतला कॅमेराच बोलतो. "पॅकेज असेल तर खाली ठेवा." तौफा त्या कॅमेऱ्याला थँक्यू म्हणायचा. मला त्याची दया यायची.

एका गुरुवारी दुपारी तोरण लावलेलं एक दार खरोखर उघडलं. दारात साठीच्या सुलभाकाकू होत्या. साताऱ्याच्या तहसील कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, आठ महिन्यांपूर्वी मुलाकडे, सिद्धेशकडे राहायला आलेल्या. इंग्रजी मोडकं, पण धीट. घामाने निथळणारी दोन पोरं पाहून त्या म्हणाल्या, "अरे, उन्हात काय फिरता? आत या, चहा टाकलाय."

लार्सन म्हणाला, "थँक्यू, पण आम्ही आत नाही येऊ शकत."

"बरं, मग इथे आणते."

"चहाही नाही चालत आम्हाला."

काकूंचा चेहरा पडला. "आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला?" एवढं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी मला कुलूप लावताना तौफा लार्सनला म्हणाला, "मी येत्या सोमवारी प्रेसिडेंटना फोन करतो. मला घरी जायचंय." प्रेसिडेंट म्हणजे त्यांच्या मिशनचे प्रमुख.

शनिवारी आम्ही त्याच रस्त्याने चाललो होतो. एक मुलगी पळत आली आणि तिने माझं हँडलच धरलं. ती काकूंची नात अनया, अकरा वर्षांची.

"वेट! आजीला वाटलं तुम्ही रूड आहात. मी गूगल केलं. तुम्ही कोणाकडेच चहा घेत नाही, राइट? आणि घरात लेडी एकटी असली तर आत जात नाही?"

"हो," लार्सन म्हणाला. "कुणाचंही घर असलं तरी."

"आय न्यू इट! आजी, बघ, मी सांगितलं होतं ना?"

गॅरेजच्या सावलीत काकू उभ्या होत्या. समोर घडीच्या चार खुर्च्या मांडलेल्या, आणि तांब्यात कोकम सरबत. "तुमचा नियम तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत येत नाही ना, मग मी बाहेर येते."

तौफा तीन पेले सरबत प्यायला. काकूंनी त्याला देवाबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?"

मित्रांनो, मी त्या मुलाला दीड महिना पाठीवर वाहिलं होतं, पण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "आजी होती. तिनेच वाढवलं मला. जुलैत गेली. सगळं उरकल्यावर सोमवारच्या फोनवर मला सांगितलं." आणि तो एवढा मोठा मुलगा हेल्मेट मांडीवर घेऊन रडायला लागला.

काकू आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढून म्हणाल्या, "माझी बहीण सुलेखा मार्चमध्ये गेली. मला दोन दिवसांनी सांगितलं. माझं बीपी वाढेल म्हणून. सांगितलं असतं तरी मी पोचले नसते, पण सांगायला हवं होतं."

"मी सोमवारी तिकीट मागणार आहे," तौफा म्हणाला.

"जायचं तर जा, मी कोण अडवणार? पण एक काम करून जा." काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मला ही शिकव. लहानपणी भावाच्या सायकलला हवा भरायला मी, चालवायला तो. इथे देऊळ अडीच मैलांवर आहे आणि गाडी चालवता येत नाही म्हणून मी आठ महिने घरात बसून आहे. मुलाला किती वेळा सोड म्हणू?"

लार्सन हळूच म्हणाला, "हे आपल्या सेवेच्या तासांत बसतं." तौफाने डोळे पुसले आणि माझी सीट खाली घेतली.

सोमवारचा तो फोन झाला नाही. पुढच्याही सोमवारी नाही. काकू सिद्धेशची ट्रॅक पँट घालून, अनयाचं हेल्मेट चढवून संध्याकाळी यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी तौफाला बजावलं, "सोडणार असशील तर सांगून सोड. न सांगता सोडलेलं मला चालणार नाही." तो सीट धरून मागे धावायचा, धापा टाकत ओरडायचा, "काकू, सोडतोय!" आणि त्या ओरडायच्या, "नको, थांब!" असे पंधरा दिवस गेले. एकदा त्या पडल्या, कोपर सोलवटलं. सिद्धेश चिडला. "आई, प्लीज, हे कॅन्सल कर. या वयात फ्रॅक्चर झालं तर?" काकू म्हणाल्या, "या वयात घरात बसून राहिले तर काय होईल, ते बघितलं मी." मी त्यांना पाडलं होतं, याचं मला फार वाईट वाटत होतं. त्या वाक्याने जरा हायसं वाटलं.

सोळाव्या दिवशी तौफा ओरडला, "काकू, सोडतोय!" आणि उत्तर आलं, "सोड!" मी अकरा मुलांना मिरवलं आहे, पण त्या संध्याकाळी मी जशी सरळ चालले तशी कधीच चालले नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही देवळात निघालो. पुढे काकू माझ्यावर, मागे लार्सन त्याच्या सायकलवर, आणि त्याच्या बाजूला तौफा अनयाच्या गुलाबी सायकलवर, गुडघे कानापर्यंत आलेले. आपल्या चर्चचा रस्ता दाखवायला आलेली ही मुलं एका बाईला तिच्या देवळाच्या रस्त्याला लावत होती. अडीच मैलांत काकू एकदाही उतरल्या नाहीत. देवळाबाहेर तौफा म्हणाला, "काकू, माझी बदली झालीय. बुधवारी दुसऱ्या गावी जायचंय. तुम्हाला सांगून जायचं होतं."

"टोंगाला नाही ना?"

"नाही. अजून सोळा महिने आहेत."

काकूंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आपल्या जागी येणाऱ्या मुलाकडे स्वतःची सायकल आहे, असं तौफाने सांगितलं. मग त्याने मला उलटं केलं, दांड्यावर अकरावं नाव लिहिलं आणि मार्कर काकूंच्या हातात दिला.

आता मी गॅरेजमध्ये, दोन मोठ्या गाड्यांच्या मधे ऐटीत उभी असते. दर शनिवारी काकू माझ्या चेनला तेल घालतात, हवा भरतात. लहानपणी शिकलेलं ते काम त्या अजून विसरलेल्या नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी सायकल गंजत उभी असेल, तिच्या चेनला तेल घाला. तुमच्या घरात एखादी आजी नुसती बसून असेल, तर तिला विचारा, तुला कुठे जायचंय? आणि उन्हातून कुणी दाराशी आलं, तर कॅमेऱ्यातून बोलू नका. दार उघडून विचारा, घरी कोण कोण असतं?

माझ्या दांड्यावर अकरा नावं इंग्रजीत आहेत. बारावं मराठीत आहे, कचेरीतल्या वळणदार अक्षरात: सुलभा.